निकाहासाठी किल्ला

माझी भाची बर्मिंगहॅमला वाढली, नोकरीही तिथेच करते. तिचं लग्न ठरलं ते दुबईत काम करणाऱ्या, मूळच्या दापोलीकडच्या मुलाशी. पसंती दोघांची, होकार दोन्ही घरांचा, मेहरचं बोलणंही एका फोनमध्ये उरकलं. अडलं ते एकाच गोष्टीवर: लग्न कुठे करायचं? भाचीने आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, सांगितलं की स्कॉटलंडमधला एखादा जुना किल्ला बघू या. बहिणीने मला फोन केला, ‘तूच समजाव तिला, तुझं ऐकते ती.’ दुसऱ्याच दिवशी भाचीचा फोन आला, ‘मामू, तुम्हाला किल्ल्यांमधलं कळतं. मला निवडायला मदत करा.’

एकीला वाटत होतं मी नको म्हणावं, दुसरीला वाटत होतं मी यादी करावी. मी यादी करायला घेतली. तीस वर्षं सह्याद्रीतले किल्ले चढलोय, त्यामुळे किल्ल्याचं नाव काढलं की माझा पाय आपोआप पुढे पडतो, हे एक कारण. दुसरं असं की परदेशातल्या लग्नाचं नाव निघालं की आपण लगेच ‘इस्राफ’ म्हणून मोकळे होतो आणि तोच माणूस पुढच्या महिन्यात मुंबईतल्या हॉलमध्ये आठशे ताटांचं जेवण ठेवतो. उधळपट्टी हॉलमध्येही होते आणि किल्ल्यातही. तेव्हा आधी मुलीला काय हवंय ते ऐकावं, असं मी ठरवलं.

तिचं म्हणणं साधं होतं. ‘आपलं खानदान आहे कुठे, सांगा. नानी रत्नागिरीजवळ गावात, आम्ही बर्मिंगहॅममध्ये, मोठे मामू कतारमध्ये, अब्बांचे चुलते केपटाउनला, मुलाकडचे दुबईत. हॉलमधल्या लग्नात माणसं चार तास येतात, जेवतात, फोटो काढतात आणि जातात. मला सगळे तीन दिवस एका छपराखाली हवेत.’ आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांचं हे वर्णन कुणालाही पटेल. समुद्राने आमची घरं चालवली आणि समुद्रानेच माणसं पांगवली. तीन दिवस सगळे एकत्र, ही इच्छा चैनीची नव्हती. मग ती हळूच म्हणाली, ‘आणि मामू, तो कुछ कुछ होता है वाला किल्ला आहे ना...’

तिथून सुरुवात केली. तो किल्ला म्हणजे आयलन डोनन. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, तीन खाड्या मिळतात तिथे एका चिमुकल्या बेटावर तो उभा आहे आणि दगडी कमानींच्या पुलाने काठाला जोडलेला आहे. १९९८ च्या त्या सिनेमाच्या गाण्यात तो दिसला आणि भारतातल्या एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात ‘स्कॉटलंडचा किल्ला’ म्हणजे तेच चित्र बसलं. जंजिऱ्याच्या माणसाला पाण्यातला किल्ला बघून काही वाटू नये, पण मलाही वाटलं. मग मी त्याचा इतिहास काढला. बेटावर तटबंदी तेराव्या शतकात झाली. १७१९ मध्ये जॅकोबाइट बंडाच्या वेळी आत स्पॅनिश सैनिकांची शिबंदी होती, तेव्हा इंग्रजी आरमाराने तोफा डागल्या आणि आतल्याच दारूगोळ्याने किल्ला उडवून दिला. पुढची सुमारे दोनशे वर्षं तिथे पडक्या भिंती होत्या. १९११ मध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने बेट विकत घेतलं आणि १९३२ पर्यंत किल्ला पुन्हा उभा केला. तो पूलही त्याच कामातला. म्हणजे गाण्यात आपण पाहिला तो ‘मध्ययुगीन’ किल्ला माझ्या अम्मीपेक्षा फार मोठा नाही.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती हिरमुसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘मग तर बरंच. पडलेलं घर कुणीतरी परत बांधलं.’ मी गप्प बसलो. पोरीचं बरोबर होतं.

एक गोष्ट मात्र तिला समजावावी लागली. इंग्रजीत ‘कॅसल’ म्हणतात ते सगळे आपल्या अर्थाने किल्ले नसतात. काही खरे लढाऊ गड. काही सरदारांचे मनोरे, ज्यांना नंतरच्या पिढ्यांनी खोल्या जोडत नेल्या. आणि लग्नाच्या जाहिरातींत दिसणारे पुष्कळसे तर एकोणिसाव्या शतकातले श्रीमंतांचे बंगले, वर बुरुज काढलेले. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी बाल्मोरलला नवा वाडा बांधला, तो १८५६ मध्ये पुरा झाला. त्यानंतर ज्याच्याकडे गिरणीचा, कोळशाचा किंवा वसाहतीतला पैसा आला त्याला टोकदार छपरांचा वाडा हवासा झाला. त्याच बाल्मोरलच्या आवारात ‘करीम कॉटेज’ नावाचं घर आहे. १८८७ मध्ये आग्र्याहून राणीच्या सेवेत गेलेले आणि पुढे तिचे मुन्शी झालेले अब्दुल करीम यांच्यासाठी राणीने ते बांधवून दिलं. १९०१ मध्ये राणी गेली आणि नव्या राजाने त्यांची पत्रं जाळायला लावली, त्यांना हिंदुस्थानात परत पाठवलं. आपल्यातला माणूस त्या किल्ल्यात पोचला होता, पण यजमान असेपर्यंतच. भाचीला मी हे सांगितलं ते घाबरवायला नाही. ज्या दारातून आपण पैसे मोजून आत जाणार, तिथून आधी कोण कसं गेलं हे माहीत असलेलं बरं.

यादीतला दुसरा किल्ला स्टर्लिंग. हा अस्सल. खडकावर बसलेला, खालून नदी, आणि हायलँडकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवणारा. नकाशा बघताच मला आपल्या घाटवाटांवरचे गड आठवले. चौथ्या जेम्स राजाने तिथे बांधलेला मोठा दरबारी हॉल साधारण १५०३ मध्ये पूर्ण झाला. स्कॉटलंडमधला मध्ययुगातला एवढा मोठा हॉल दुसरा नाही. १६०३ मध्ये राजा लंडनला गेला आणि दरबाराची रया गेली. नंतर किल्ल्यात लष्कराची छावणी बसली, त्या भव्य हॉलमध्ये मजले आणि भिंती घालून शिपायांच्या खोल्या केल्या. लष्कर निघालं ते १९६४ मध्ये. मग कित्येक वर्षं दुरुस्ती चालली आणि १९९९ मध्ये हॉल खुला झाला तेव्हा बाहेरून पिवळसर सोनेरी चुन्याने रंगवलेला होता. गावातले लोक चिडले. काळ्या-करड्या दगडाच्या किल्ल्यात हे पिवळं काय? जाणकारांनी सांगितलं की मूळ रंग असाच होता, तुम्हाला उतरलेला रंग बघायची सवय झाली आहे. मला हे फार आवडलं. आपल्यालाही बहुतेक गोष्टी उतरलेल्या रंगातच माहीत असतात आणि त्यालाच आपण परंपरा म्हणतो. लग्नातल्या रीतीसुद्धा.

याच दिवसांत भाचीने वेल्समधल्या किल्ल्यांचे फोटोही पाठवले. त्यात पोविस किल्ल्याचा फोटो होता. तो तिने लग्नासाठी नव्हता पाठवला, त्याची बाग बघून पाठवला होता. लाल दगडाचा किल्ला, उतारावर एकाखाली एक बागेचे टप्पे. मी तिला लिहिलं, आत काय आहे ते बघून ये. १७८४ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याचं लग्न पोविसच्या घराण्यातल्या हेन्रिएटाशी झालं. पलाशीच्या क्लाइव्हचा पैसा आणि हा जुना किल्ला अशा रीतीने एका छपराखाली आले. हाच एडवर्ड पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत, १७९९ मध्ये, श्रीरंगपट्टण पडलं. टिपू सुलतानाच्या सिंहासनावरचं वाघाचं सोन्याचं शीर आज पोविसमध्ये आहे. टिपूचा छापील फुलांच्या कापडाचा तंबूही तिथेच आहे. आणि तो तंबू पुढे त्या घराण्याने आपल्या बागेतल्या मेजवान्यांना मांडव म्हणून वापरला.

हे वाचल्यावर मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. रणांगणात लढलेल्या सुलतानाचा तंबू, त्याखाली चहापार्ट्या. एका लग्नाने किल्ल्याला पैसा मिळाला आणि त्या पैशामागे आपला मुलूख होता. ब्रिटनची नॅशनल ट्रस्ट ही संस्था असे शेकडो वाडे आणि किल्ले सांभाळते. २०२० मध्ये तिने स्वतःच अहवाल काढून गुलामगिरी आणि वसाहतींशी संबंध असलेल्या आपल्या ९३ जागा जाहीर केल्या. त्यावर तिथे मोठा गदारोळ झाला. उत्तर वेल्समधला पेन्रिन किल्लाही त्यातला. दिसायला नॉर्मन काळातला, पण बांधलेला एकोणिसाव्या शतकात, जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या घामातून जमलेल्या संपत्तीवर.

मग काय करायचं? प्रत्येक दगडाचा हिशेब मागत बसलो तर निकाह मोकळ्या माळावरच लावावा लागेल, आणि माळाचाही काही इतिहास निघेलच. मी भाचीला एवढंच म्हटलं, की भाडं भरताना त्या जागेचा इतिहास विचार. जिथले लोक तो सरळ सांगतात तिथे जा. जिथे फक्त राजकन्या आणि गुलाबांच्या गोष्टी सांगतात तिथे जरा थांब. तिने खरंच तसं विचारलं. एका ठिकाणच्या बाईंनी तिला शांतपणे सांगितलं की या घराला पैसा बंगालमधून आला, आमच्याकडे कागद आहेत, बघायचे असतील तर दाखवते. भाचीला ती जागा सगळ्यात आवडली.

इथे मला आपल्या किल्ल्यांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये बातमी आली की महाराष्ट्र सरकार पंचवीस किल्ले हेरिटेज हॉटेल आणि लग्नसमारंभांसाठी भाडेपट्ट्याने देणार. राज्यभर संताप उसळला आणि शिवकाळाशी जोडलेल्या गडांना हात लावणार नाही असा खुलासा करावा लागला. त्या संतापात मीही होतो. रायगडावर डीजे ही कल्पना मला तेव्हाही सहन झाली नाही, आजही होणार नाही. भाचीने बरोबर तिथेच पकडलं. ‘मामू, आपल्या किल्ल्यावर लग्न नको आणि त्यांच्या किल्ल्यावर चालेल?’

मी तिला जे उत्तर दिलं ते असं. स्कॉटलंडमधल्या वाड्यांचे मालक बहुतेक खासगी घराणी आहेत. छप्पर गळतं, वारसा कर असतो, पगार द्यायचे असतात, आणि लग्नांच्या भाड्यातून ते निघतं. ते राहतं घर आहे, तिथे पूर्वीही लग्नं लागत होती. आपले गड लोकांच्या मनात समाधीसारखे आहेत. तिथे माणूस चप्पल काढून वाकतो. दोन्हींना इंग्रजीत शब्द एकच असला तरी नातं एक नाही.

पण मी तिला जे सांगितलं नाही ते इथे लिहितो. शिवरायांच्या आरमारात दौलतखान होता हे मी शाळेपासून अभिमानाने सांगत आलो. २०२५ च्या जुलैत बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हा मी पेढे वाटले. आणि त्याच्या एक वर्ष आधी, जुलै २०२४ मध्ये, विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात मशिदीची आणि घरांची तोडफोड झाली, तेव्हापासून गडावर जाताना सोबत्यांना मी आधी विचारतो, ‘वातावरण कसं आहे?’ ज्या गडांवर माझं मन आहे तिथे माझं नाव ऐकून कुणाच्या कपाळाला आठी पडेल का याचा अंदाज घ्यावा लागतो. स्कॉटलंडच्या त्या बाईंनी भाचीचं नाव ऐकून फक्त स्पेलिंग विचारलं. पैसे भरणाऱ्या पाहुण्याला सगळीकडेच हसून घेतात, हे मला कळतं. तरी ते ऐकून घशात काहीतरी अडकलं.

आता कायद्याकडे येतो, कारण परदेशात निकाह करू पाहणाऱ्या आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. ब्रिटन म्हणजे एकच देश, एकच कायदा, असं आपण धरून चालतो. तसं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये परवानाप्राप्त हॉटेलात किंवा किल्ल्यात सरकारी लग्न लावता येतं, ही सोय १९९५ पासून आहे. पण त्या सरकारी विधीत धर्माचं काही आणता येत नाही. त्यामुळे तिथे किल्ल्यात फक्त निकाह लावला, तर कायद्याच्या नजरेत ते लग्न धरत नाहीत. सरकारी नोंदणी वेगळी करावीच लागते. स्कॉटलंडमध्ये १९७७ च्या कायद्याप्रमाणे परवाना जागेला नसतो, लग्न लावणाऱ्याला असतो. मान्यताप्राप्त इमाम असतील तर निकाह किल्ल्यात, बागेत, समुद्रकाठी कुठेही लावा, तोच कायदेशीर. मात्र वधू-वर दोघांनी एम-टेन नावाचा अर्ज त्या भागातल्या निबंधकाकडे किमान २९ दिवस आधी द्यायचा, बरेच जण दोन-अडीच महिने आधीच देतात. मग निबंधक ‘मॅरेज शेड्यूल’ नावाचा कागद देतो. तो हातात नसेल तर इमामसाहेबांनी निकाह लावायचा नाही. निकाहानंतर त्यावर दोघांच्या, दोन साक्षीदारांच्या आणि इमामांच्या सह्या होऊन तो तीन दिवसांत परत जायला हवा. शिवाय मुलगा बाहेरून फक्त लग्नासाठी येत असेल तर साध्या पर्यटक व्हिसावर चालत नाही, त्यासाठी ‘मॅरेज व्हिजिटर’ व्हिसा असतो.

हे रटाळ वाटेल, पण याची किंमत बाईला मोजावी लागते. लंडनमध्ये १९९८ मध्ये एका जोडप्याचा निकाह रेस्टॉरंटमध्ये झाला. इमाम होते, साक्षीदार होते, शे-दीडशे पाहुणे होते. सरकारी लग्न नंतर करू म्हणाले आणि ते राहूनच गेलं. अठरा वर्षांचा संसार, चार मुलं, आणि मग ताटातूट. २०२० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने सांगितलं की कायद्याच्या दृष्टीने ते लग्न झालंच नव्हतं. घटस्फोट मागायलाही आधी लग्न असावं लागतं. फुलांची कमान कुठल्या रंगाची यावर आपण महिनाभर बोलतो. त्यातला एक दिवस या कागदांना द्या, मुलीच्या बापाने तर द्यावाच.

कायदा झाला की उरतं ते रोजचं. किल्ल्याचे लोक सहसा ठरलेल्या आचाऱ्यांची यादी देतात. त्यात हलाल करणारा आहे का, मांस कुठून आणतो, स्वयंपाकघर वेगळं मिळेल का, हे आधीच लिहून घ्यावं. काही ठिकाणचं गणित दारूच्या बारवर चालतं. आपल्याकडे बार नाही म्हटलं की भाडं वाढवतात. ते भांडायचं नसतं, आधी विचारायचं असतं. हळदीला जुन्या दगडाच्या फरशीवर बहुधा परवानगी मिळत नाही, डाग जात नाही म्हणून. भिंतीला खिळा मारता येत नाही, मेणबत्त्यांना कुठे कुठे बंदी.

आणि नमाज. हे जाहिरातवाल्यांना सुचणार नाही, म्हणून नीट सांगतो. जूनमध्ये उत्तर स्कॉटलंडमध्ये सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. मगरिबनंतर जेवण वाढू म्हणालात तर पाहुणे उपाशी मरतील, आणि इशा-फजरमध्ये झोपायला वेळच उरत नाही. डिसेंबरमध्ये उलटं. सूर्य पावणेचारच्या सुमारास बुडतो, म्हणजे जुहर, असर आणि मगरिब अशा तिन्ही नमाजा तीन-चार तासांत. निकाहाची वेळ, फोटो, जेवण सगळं त्याभोवती बसवावं लागतं. एप्रिलची सुरुवात किंवा सप्टेंबरचा शेवट सोयीचा. किबला तिथून आग्नेयेला. एका किल्ल्याने नमाजासाठी आनंदाने दिवाणखाना देऊ केला. फोटो पाहिला तर आग्नेयेच्या भिंतीवर सांबरांची आठ मुंडकी आणि कुणा सरदाराचं मोठं तैलचित्र. भाची हसत सुटली. त्यांनी बिनभिंतीचित्रांची दुसरी खोली लगेच दिली. वुजूसाठी जवळ न्हाणीघर आणि पाय धुवायला बसायची जागा, हेही तिने लिहून घेतलं.

इतकं सगळं जुळत आलं होतं. भाचीला आवडलेल्या त्या वाड्यात झोपायला चाळीस माणसांची सोय, हॉलमध्ये बसायची नव्वदांची. भाचीने नावांची यादी केली आणि फोनवर नानीला वाचून दाखवली.

अम्मी ब्याऐंशी वर्षांच्या. गुडघे गेलेले, पण डोकं शाबूत. त्यांनी यादी शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, ‘जमातीतलं कोण येणार?’

भाची म्हणाली, ‘नानी, आपले जवळचे सगळे आहेत.’

‘जवळचे म्हणजे? तुझ्या नानांचा जनाजा ज्यांनी उचलला ते जवळचे की नाही? तुझ्या आईच्या निकाहाला पुलावाच्या डेगा ज्यांनी रात्रभर राखल्या ते?’

कुणी काही बोललं नाही. अम्मींच्या आवाजात राग नव्हता. त्या पुढे म्हणाल्या, ‘मी येईन गं. मुंबईला जाऊन अंगठे देईन, विमानात बसेन. तुमच्या किल्ल्याच्या पायऱ्या दोघांनी धरलं तर चढेनही. पण निकाह बंद दाराआड नसतो.’

किल्ल्याबद्दल महिनाभर मी जे वाचत होतो ते सगळं त्या एका वाक्याने जागेवर बसलं. किल्ला बांधतात तोच मुळी कोण आत येणार हे ठरवण्यासाठी. खंदक, पूल, अरुंद जिना, जाड दरवाजा, सगळं बाहेरच्याला बाहेर ठेवायला. आज तिथे तोफा नाहीत, पण व्हिसा आहे, विमानाचं तिकीट आहे, नव्वद खुर्च्या आहेत. निकाहाचा स्वभाव याच्या उलट. तो जाहीर करायचा असतो. गावाला कळावं, शेजाऱ्याला कळावं, उद्या कुणी विचारलं तर चार माणसांनी सांगावं की हो, आम्ही होतो. म्हणून तो मशिदीत लावणं पसंत केलं जातं, जिथे वाटेने जाणाराही आत येऊन दुआ करतो. आमच्या गावातल्या गवंड्याला, होडीवाल्याला, मदरशातल्या म्हाताऱ्या उस्तादांना स्कॉटलंडचा व्हिसा काढायला कोण सांगणार? आणि सांगितला तरी ते काढणार कशाने?

पण भाचीची इच्छाही खोटी नव्हती. जमात एकत्र येणं आणि खानदान एकत्र राहणं या दोन निराळ्या भुका आहेत. एका ताटात दोन्ही बसत नव्हत्या.

तोडगा मुलाने काढला. वलीमा मुलाकडच्यांनी द्यायचा असतो, ही सुन्नत. तो म्हणाला, ‘निकाह नानींच्या गावात, मशिदीत, जुम्याच्या नमाजानंतर. काझींच्या दफ्तरात नोंद, मग महाराष्ट्र सरकारची विवाह नोंदणी. आणि सप्टेंबरअखेर वलीमा त्या वाड्यात, माझ्या खर्चाने, कर्ज न काढता जितक्यांचा जमेल तितक्यांचा.’ हिशेब मांडल्यावर नव्वदांचे पंचावन्न झाले, तीन रात्रींच्या दोन झाल्या, वाद्यवृंद गेला. स्कॉटलंडमधला एम-टेन अर्ज, शेड्यूल, मॅरेज व्हिजिटर व्हिसा यांची गरजच संपली, कारण निकाह इथे रीतसर झालेला असणार. बर्मिंगहॅममध्ये दाखवायला नोंदणीचा दाखला पुरेल.

बहिणीला अजून पूर्ण पटलेलं नाही. तिच्या मते वलीमाही इथेच दिला असता तर शंभर घरं जेवली असती. तिचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. मुलाने वलीम्याच्या खर्चाएवढीच नाही, पण जमेल तितकी रक्कम गावातल्या जमातीच्या जेवणासाठी वेगळी ठेवली आहे, आणि ते जेवण निकाहाच्याच दिवशी आहे. नावांची यादी त्याला नाही. अम्मींनी सांगितलंय की यादी केली तर मी उठणार नाही.

तुमच्या घरातही कुणी किल्ल्याचा फोटो पाठवला असेल तर त्या मुलाला किंवा मुलीला लगेच झिडकारू नका. एकेक विचारा. लग्न लावणारा मान्यताप्राप्त आहे का आणि कागद कुठला लागतो. जागेचा पैसा कुठून आला हे ते सांगतात का. जेवण हलाल आणि नमाजाला स्वच्छ खोली मिळेल का. गुडघे गेलेली माणसं आत कशी पोचणार. आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात आधी विचारायला हवं ते: दाराबाहेर कोण राहतंय? त्यांच्यासाठी दुसरं कुठलं दार उघडणार आहात?

अम्मींचा पासपोर्ट नवा करायला टाकलाय. फोटोसाठी त्यांनी नवीन ओढणी मागवली. ‘किल्ल्यात जायचंय,’ असं त्या दुकानदाराला दोनदा म्हणाल्या.